न चाळलेल्या बातम्या

त्या हिवाळ्यात आमच्या घरी महिनाभर कुणी भांडलं नाही. आमचं घर ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे खरं वाटायचं नाही. भाईंदर पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर हॉल, एक बेडरूम आणि किचन, आणि त्यात सासूसासरे, आम्ही दोघं नवराबायको आणि आमची पाचवीतली मुलगी. एवढ्याशा जागेत टॉवेल कुठे वाळत घातला इथपासून दूध उतू कसं गेलं इथपर्यंत कशावरूनही ठिणगी पडायची. त्यातून मी तोंडाळ, आणि सासूबाई माझ्यापेक्षा वरचढ. तरीही महिनाभर घर शांत होतं, कारण डॉक्टरांनी बजावलं होतं, "त्यांना अजिबात टेन्शन देऊ नका."

'त्यांना' म्हणजे माझ्या सासऱ्यांना. दिवाळीच्या आधी त्यांच्या फुप्फुसात पाणी झालं होतं. हॉस्पिटलात नळी घालून ते काढलं, पंधरवडाभर ठेवून घेतलं आणि मग घरी पाठवलं. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नव्हती. दोघा शेजाऱ्यांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून वर आणलं आणि त्या दिवसापासून त्यांचं खाली उतरणं संपलं. हॉलमध्ये गॅलरीच्या दाराशी त्यांची खाट लावली. सकाळी समोरच्या दोन बिल्डिंगांच्या फटीतून तासभर ऊन यायचं, तेवढं त्यांच्या पायांवर पडायचं.

बाबांनी सगळी नोकरी मुंबईच्या पाणीखात्यात काढली होती. चौकीत बसायचं आणि लोकांच्या तक्रारी ऐकायच्या, कुठे पाणी कमी दाबानं येतंय, कुठे गढूळ येतंय, कुठे येतच नाही. निवृत्तीनंतर चाळीतली खोली सोडून आम्ही सगळे भाईंदरला आलो. आयुष्यभर दुसऱ्यांच्या नळाला पाणी सोडलेला माणूस अशा ठिकाणी राहायला आला, जिथे पाणी आलं की लोक एकमेकांना फोन करून सांगायचे! पण बाबांना त्याचंही कौतुक होतं. रोज संध्याकाळी ते जेसल पार्कच्या बाजूला खाडीपर्यंत फेरी मारायचे आणि येताना तीन-चार सोसायट्यांच्या पाण्याची खबर घेऊन यायचे. कुणाचा टँकर आला, कुणाचा पंप जळला, कुणाचा सेक्रेटरी बदलला. आमच्या घराला वर्तमानपत्राची गरज नव्हती.

फेरी बंद झाल्यावर हे काम माझ्याकडे आलं. नवरा घरी यायचा उशिरा, आणि आला तरी त्याच्या तोंडातून शब्द काढायचा म्हणजे नारळ सोलायचा. सासूबाई बातमी सांगायला लागल्या की मधूनच सुरू करायच्या. कोण, कुठे, कधी हे ऐकणाऱ्यानं आपलं आपण जुळवायचं. म्हणून मी. ऑफिसातून आले की हातपाय धुऊन दोन कप चहा घेऊन स्टुलावर बसायचं, बाबा उशीला टेकून अर्धवट उठायचे आणि म्हणायचे, "हं, सूनबाई. काय बातमी?"

आणि त्या महिन्यात माझ्याकडे सांगायला फक्त चांगल्याच बातम्या होत्या. पाणी? रोज येतंय, फोर्सनं. टँकरवाला? त्याची गरजच पडत नाही. (प्रत्यक्षात मी आणि सासूबाई सकाळी आवाज न करता तळमजल्यावरून कळशा वर आणत होतो, आणि बाथरूमचा नळ सोडायचा नाही अशी मुलीला तंबी होती.) नवऱ्याच्या ऑफिसातली निम्मी माणसं पुण्याला हलवायचं चाललं होतं, मी सांगायचे, साहेब त्याच्यावर खूश आहेत. मुलगी गणितात नापास झाली होती. मी सांगायचे, पेपर छान गेलाय. नणंद घोडबंदरला दिलेली, तिच्या सासरी दिरांनी जागेच्या वाटणीवरून एकमेकांशी बोलणं टाकलं होतं. मी सांगायचे, तिकडे सगळे मजेत. शेजारपाजारही सामील. समोरच्या गुजराथी बेन रोज दारातून हसत डोकवायच्या. "अंकल तो एकदम फर्स्ट क्लास दिख रहे हैं!"

अंकल फर्स्ट क्लास दिसत नव्हते. पहिले काही दिवस त्यांनी उलटे प्रश्न विचारले. मग प्रश्न थांबले. मग "काय बातमी" हेही थांबलं. मी चहा घेऊन बसले की ते पेला दोन्ही हातांत धरून गॅलरीकडे बघत राहायचे. ताटात अर्धी पोळी तशीच राहायला लागली. थंडी पडली होती. भाईंदरची थंडी ती केवढी, पण खाडीवरून सकाळी वारा येतो आणि लोक काश्मीरला निघाल्यासारख्या माकडटोप्या घालून दूध आणायला जातात. बाबांनीही टोपी घातली, चादर डोक्यापर्यंत ओढली आणि भिंतीकडे तोंड करून झोपायला लागले. सासूबाईंना वाटलं, थंडी बाधली. घोडबंदरहून नणंदेच्या सासूबाई वालाच्या शेंगा घेऊन भेटायला आल्या, त्यांनी मात्र उंबऱ्यातूनच म्हटलं, "व्याही लय सुकलं हाय. जेवत न्हाय का?" आम्ही दोघींनी त्यांना डोळ्यांनी दटावलं.

एका संध्याकाळी मी असंच काहीतरी गोड सांगत होते. बाबांनी पेला खाली ठेवला.

"सूनबाई, मी मेलोय का?"

"काय बोलताय बाबा हे?"

"मग घरात भांडणं का होत नाहीत?"

मला हसू आलं, पण ते हसत नव्हते. म्हणाले, "महिना झाला, पाणी वेळेवर येतंय. सिलिंडर वेळेवर येतोय. तुझी सासू मला एकदासुद्धा ओरडली नाही. हे माझं घर नाही. मी चौकीत बसायचो ना, तेव्हा एखाद्या गल्लीतून तक्रार यायची थांबली की मी आधी तिकडे माणूस पाठवायचो. पाणी चांगलं येतंय म्हणून लोक गप्प बसत नाहीत. सांगून उपयोग नाही असं वाटलं की गप्प बसतात." मग जरा थांबून, श्वास घेऊन म्हणाले, "तुम्ही मला हिशेबातून काढून टाकलंत."

सासूबाई किचनच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. मला काय झालं कुणास ठाऊक, महिनाभर तुंबलेलं सगळं माझ्या तोंडून बाहेर पडलं. पाणी येत नाही बाबा, तो सेक्रेटरी एक नंबरचा लबाड आहे, पंपाला हात लावू देत नाही. तुमची नात नापास झालीय. तुमच्या लेकाला पुण्याला जायला सांगतायत आणि तो तोंड उघडून नाही म्हणत नाही. तुमच्या लेकीच्या सासरी वाटणीवरून बोलणं बंद आहे. आणि ह्या तुमच्या सौभाग्यवती, यांनी माझा चांगला कुकर कामवालीला देऊन टाकला!

"जुना होता तो!" सासूबाई दारातून ओरडल्या. "रबर गेलं होतं त्याचं!"

"रबर नवीन मिळतं, आई!"

बाबा उठून बसले होते. टोपी मागे सरकली होती. "थांबा, थांबा," म्हणाले, "एकेक. पंप कितीचा आहे? आधी चहा टाका जरा."

त्या दिवशी त्यांनी दोन पोळ्या खाल्ल्या. ताट नेताना मला म्हणाले, "यापुढे काय असेल ते सांगायचं. चाळून नाही." मी म्हटलं, "नाही चाळणार." ते म्हणाले, "शब्द?" मी म्हटलं, "शब्द."

त्यानंतरचे दिवस फार चांगले गेले. हे लिहिताना जाणवतंय की ते मोजकेच होते, पण तेव्हा तसं वाटलं नाही. बाबांनी खाटेवरून घराचा कारभार हाती घेतला. सेक्रेटरीला वर बोलावून घेतलं आणि त्याला पाइपलाइनचे असे प्रश्न विचारले की तो "हाँ अंकल, देखता हूँ अंकल" करत पळाला. नातीला रोज सकाळी उन्हात बसवून अपूर्णांक शिकवायला लागले. पाण्याच्या टाकीवरच सगळी उदाहरणं, पाव टाकी, निम्मी टाकी. लेकाला रविवारी समोर बसवून विचारलं, "पुण्याला जायचंय की नाही, तुला काय वाटतं ते सांग," आणि माझा नवरा लग्नानंतर पहिल्यांदाच माझ्यासमोर सलग दहा मिनिटं बोलला. मी आणि सासूबाई पूर्वीसारख्या मोकळेपणानं भांडायला लागलो. ऑफिसातून परतताना मी मनात जुळवत यायचे, आज बाबांना काय काय सांगायचं. एखादा दिवस सपाट गेला तर मला चुकल्यासारखं व्हायचं.

जानेवारी लागला आणि त्यांना पुन्हा दम लागायला लागला. पुन्हा खुर्चीत बसवून खाली नेलं, पुन्हा पाणी काढलं आणि या वेळी ते तपासायला पाठवलं. छातीचा, पोटाचा फोटो काढला आणि त्यांना घरी आणलं. रिपोर्ट आणायला सासूबाई आणि माझा नवरा गेले. मी घरी आले तेव्हा नवरा बेडरूममध्ये अंधारात बसला होता, आणि सासूबाई किचनमध्ये परात घेऊन तीळ निवडत होत्या. संक्रांत जवळ आली होती.

"कॅन्सर म्हणतायत," त्यांनी वर न बघता सांगितलं. "पसरलाय. डॉक्टर म्हणाले, आता त्यांना त्रास द्यायचा नाही. उन्हाळा निघाला तर निघाला."

मी खाली बसले. बाहेर हॉलमध्ये बाबा नातीला काहीतरी समजावत होते, त्यांचा आवाज येत होता.

"त्यांना सांगायचं नाही," सासूबाई म्हणाल्या. "औषधानं पाणी कमी होईल, एवढंच सांगितलंय मी. तुझ्या तोंडाला कुलूप नसतं म्हणून बजावतेय. निदान माझं हळदीकुंकू होईपर्यंत तरी नाही."

"कसलं हळदीकुंकू?"

"संक्रांतीचं. या वर्षी मी करणारेय. मोठं. सगळ्या बिल्डिंगला बोलावणार."

भाईंदरला आल्यापासून त्यांनी हळदीकुंकू केलं नव्हतं. इथे कोण आपलं ओळखीचं, म्हणून चाळीतल्या जुन्या मैत्रिणींची नावं काढत बसायच्या. मला राग आला. मी म्हटलं, "आई, घरात हे असं, आणि तुम्हाला वाण लुटायचं सुचतंय?"

त्यांनी परातीतला एक खडा उचलून बाजूला टाकला. "आत्ताच सुचणार. पुढच्या वर्षी मला कोण कुंकू लावणार आहे?"

माझ्या आईचं मला आठवलं. मी कॉलेजात असताना माझे वडील गेले. तेव्हापासून कुणाकडे हळदीकुंकू असलं की आई स्वतःहून आत जाते आणि चहाचं बघते. कुणी तिला जा म्हणत नाही आणि कुणी ये असंही म्हणत नाही. त्या रिवाजाची मला चीड आहे, तेव्हाही होती. पण परातीसमोर बसलेल्या त्या बाईशी त्या क्षणी मी काय वाद घालणार होते? "नाही सांगणार," म्हटलं आणि त्यांच्या शेजारी बसून तीळ निवडायला लागले. आम्ही दोघीही रडलो नाही.

चहा घेऊन बाबांसमोर बसायची वेळ काही टळत नव्हती. "काय बातमी?" त्यांनी विचारलं. मी पंपाचं सांगितलं, ऑफिसातलं सांगितलं, सिलिंडरच्या रांगेतलं भांडण तिखटमीठ लावून सांगितलं. ते ऐकत होते.

"आणि?"

"आणि काही नाही."

"बरं," ते म्हणाले, आणि त्यांनी गॅलरीकडे मान वळवली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. एकाच घरात मी एकीला न सांगण्याचा शब्द दिला होता आणि एकाला सांगण्याचा. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "तुला योग्य वाटेल ते कर." त्याच्या या वाक्यानं मी आयुष्यात किती वेळा पेटले असेन! पण त्या वेळी त्याचा चेहरा बघून काही बोलवलं नाही. बाबा पुन्हा पेला दोन्ही हातांत धरून बसायला लागले होते. पोळी पुन्हा अर्धी राहायला लागली होती. माझ्या डोळ्यांसमोर तो माणूस पुन्हा एकदा भिंतीकडे तोंड करत होता, आणि या वेळी त्याला परत वळवायला दिवस फार नव्हते.

रविवारी सकाळी ते गॅलरीच्या दारात खुर्चीवर उन्हात बसले होते. सासूबाई बाजारात गेल्या होत्या, नवरा आणि मुलगी खाली पाण्याचं बघत होते. मी वालाच्या शेंगा सोलायला त्यांच्याजवळ बसले. त्यांनीही दोन शेंगा घेतल्या आणि सोलायला लागले.

"सूनबाई, तो रिपोर्ट काय म्हणतो?"

मी सांगितलं. जसं किचनमध्ये ऐकलं होतं तसंच, उन्हाळ्याच्या वाक्यासकट. माझा आवाज नीट निघाला याचं मला अजून नवल वाटतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. एखाद्या वस्तीत मुख्य पाइप फुटल्याची वर्दी ऐकावी तसं त्यांनी मध्ये एक-दोनदा "कुठे कुठे?" असं विचारलं. मग हातातली शेंग सोलून दाणे माझ्या ताटलीत टाकले.

"इतके दिवस तू एकटी घेऊन बसलीस होय हे," म्हणाले.

तेव्हा मात्र मी रडले. ते ऊन, ती माकडटोपी, वालाचे दाणे, आणि मरणाची बातमी ऐकून माझी कीव करणारा तो माणूस. माझ्या सख्ख्या वडिलांसाठी मी इतकी रडले नव्हते. त्यांनी मला रडू दिलं.

"हिला माहितीय?" थोड्या वेळानं त्यांनी विचारलं.

"त्यांनीच आणला रिपोर्ट."

"म्हणून हळदीकुंकू काढलंय होय," ते स्वतःशीच म्हणाले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मला कळलंय हे तिला सांगू नकोस. ती हातपाय गाळून बसेल आणि सगळं रद्द करेल. होऊ दे तिचं."

"बाबा, म्हणजे आता तुम्हीही?"

"महिनाभर तुम्ही सगळे मला गोड गोड सांगत होतात ना? आता थोडे दिवस मी सांगतो."

आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. आज दम लागला नाही. आज भूक चांगली लागलीय. आज छाती हलकी वाटतेय. सासूबाई वाढतील ते सगळं खायचे आणि मग पाठ टेकून डोळे मिटून पडायचे, कपाळावर घाम यायचा. सासूबाई मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या, "बघ, औषध लागू पडलं." मी दोघांच्या मध्ये ताटं वाढत उभी. मला ओरडावंसं वाटायचं, की अहो, तुम्हा दोघांनाही माहितीय, बोला एकमेकांशी! पण दोन्हीकडचा शब्द माझ्या गळ्यात होता. माझ्यासारख्या तोंडाळ बाईला याहून मोठी शिक्षा नाही.

वाण काय द्यायचं यावरसुद्धा बाबांनी मत दिलं. सासूबाई प्लास्टिकच्या डब्या आणणार होत्या. "छे, डब्या कसल्या देतेस," ते म्हणाले, "स्टीलच्या वाट्या दे. बायकांनी वाटी हातात घेतली की तुझी आठवण काढली पाहिजे." सासूबाई "बरं" म्हणून घाईघाईनं आत गेल्या आणि नळ सोडला. नळाला पाणी नव्हतं.

संक्रांतीनंतरच्या शनिवारी हळदीकुंकू झालं. बायका येणार म्हणून बाबांची खाट बेडरूममध्ये हलवली. एरवी हळदीकुंकवाला पुरुष घराबाहेर पडतात. माझा नवरा मुलीला घेऊन स्टेशनकडे गेला. बाबा कुठे जाणार? ते आतल्या खाटेवर उशीला टेकून बसले आणि मला म्हणाले, "दार लोटून घेऊ नकोस. ऐकू येऊ दे."

सासूबाईंनी ठेवणीतली काळी जरीकाठी साडी नेसली होती, नाकात नथ घातली होती. इतक्या बायका येतील असं मला वाटलं नव्हतं. मराठी, गुजराथी, मारवाडी, तळमजल्यावरची बिहारी वहिनी, सगळ्या आल्या. "आवो ना बेन, बैठो," असं सासूबाई प्रत्येकीला म्हणत होत्या. त्यांची हिंदी तीच गुजराथी आणि गुजराथी तीच हिंदी. हळद, कुंकू, अत्तर, तिळगूळ, वाटी. कुंकू लावून घेताना त्या दर वेळी डोळे मिटत होत्या. मी मागे तबक धरून उभी होते आणि ते मला बघवत नव्हतं.

मग दुसऱ्या मजल्यावरच्या नव्या सुनेला सगळ्यांनी नाव घ्यायला लावलं. तिनं लाजत लाजत उखाणा घेतला. टाळ्या पडल्या, आणि कुणीतरी म्हणालं, "आता काकू! काकूंनी घ्यायचं!"

सासूबाईंनी नवऱ्याचं नाव घेतलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. 'अहो', 'हे', 'तुझे सासरे'. रेशनच्या दुकानात नाव विचारलं तर मला पुढे करायच्या. त्या नको नको म्हणाल्या, मग बायका ऐकेनात तेव्हा उभ्या राहिल्या. तिळगुळाच्या गोडीचं काहीतरी म्हणायला सुरुवात केली आणि पुढची ओळ आठवेना. पुन्हा सुरू केलं, पुन्हा अडकल्या. बायका हसत वाट बघत होत्या. सासूबाईंनी पदर सारखा केला, आणि उखाणा वगैरे काही न घेता त्यांनी नुसतं नाव घेतलं. त्यांचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. खणखणीत.

आतून आवाज आला, "ओ!"

हॉलभर हशा उसळला. बिहारी वहिनी तर तोंडाला पदर लावून हसत होती. "अंकल भी ना!" मीही हसले असेन. पण तेवढ्या जोरात ओ द्यायला बाबांना किती कष्ट पडले असतील ते मला ठाऊक होतं, आणि सासूबाईंना माझ्याहून जास्त. त्या हसल्या नाहीत. त्यांनी कुंकवाचा करंडा माझ्या हातात दिला. "राहिलेल्यांना तू लाव," म्हणाल्या, आणि आत गेल्या.

उरलेल्या दोघी-तिघींना कुंकू लावून मी बाबांसाठी तिळगुळाची वाटी घेऊन दाराशी गेले आणि तिथेच थांबले. सासूबाई खाटेच्या कडेवर बसल्या होत्या आणि त्यांना सांगत होत्या. कोण कोण आलं, कुणी काय नेसलं होतं, बेननी वाटी उलटीपालटी करून कशी बघितली, दुसऱ्या मजल्यावरची सून किती गोड आहे. आयुष्यात पहिल्यांदा त्या पहिल्यापासून शेवटपर्यंत ओळीनं सांगत होत्या. बाबा "हं" "हं" करत होते. मग त्या थांबल्या. नाकातली नथ काढून त्यांनी मुठीत धरली.

"अहो, तुमचा तो रिपोर्ट आलाय."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. डॉक्टरांच्या शब्दांत, काही न गाळता. बाबांनी ते पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं ऐकलं. त्यांची नजर एकदासुद्धा दाराकडे, माझ्याकडे वळली नाही.

"बरं झालं तू सांगितलंस," ते म्हणाले. "मला या घरात कुणी काही सांगतच नाही."

सासूबाईंनी त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. त्यांच्या पाठीवर हात फिरवत बाबा बराच वेळ बसले. मग इतक्या हळू बोलले की मला ते जेमतेम ऐकू आलं.

"मला भीती वाटतेय गं. फार भीती वाटतेय."

त्या रविवारी उन्हात शेंगा सोलताना हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं.